आलेल्या पैशात भाडं किती आणि आमचंच मुद्दल किती, ते मराठीत सांगा : सेबीला आणि रीट चालवणाऱ्यांना नाशिकहून खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सेबी, मुंबई,
आणि देशातली सगळी रीट चालवणाऱ्या मॅनेजर कंपन्यांचे संचालक,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकला कॉलेज रोडवर एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात गेली १९ वर्षं रिटर्न भरायचं काम करते. सीए नाही, बीकॉम आहे, पण एवढ्या वर्षांत इतके कागद हाताखालून गेलेत की माणसं नेमकी कुठे अडतात ते मला पक्कं माहितीये. आमच्याकडे येतात ते म्हणजे नाशिकरोडच्या प्रेसमधून नाहीतर ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले काका, सातपूर-अंबडला चार मशीन टाकून बसलेले वर्कशॉपवाले, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आणि गेल्या काही वर्षांत सिन्नर-इगतपुरीकडचे, ज्यांच्या जमिनी समृद्धी महामार्गात गेल्या आणि हातात एकदम मोठी रक्कम आली, ते. त्यांच्या वतीने लिहितेय असं म्हणणार नाही, मला कुणी नेमलेलं नाही. पण त्यांचे कागद माझ्या टेबलावर येतात आणि त्यातल्या एका कागदाबद्दल, रीटच्या, तुमच्याशी बोलायचं आहे. तुम्हाला सांगायला नको, पण हे पत्र बाकीचेही वाचतील म्हणून लिहिते: रीट म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून ऑफिस-मॉलसारख्या भाड्याच्या इमारती ठेवणारा ट्रस्ट, त्यातला आपला हिस्सा म्हणजे युनिट, तो शेअरसारखा बाजारात मिळतो, आणि ठरावीक काळानं युनिटधारकांना पैसे वाटतात ते डिस्ट्रिब्युशन. या सगळ्यावर देखरेख ठेवते ती सेबी.

मागच्या जुलैत प्रेसमधले एक काका आले. पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं, त्यात मुलानं प्रिंट काढून दिलेला एक कागद, एका रीटकडून आलेला, पूर्ण इंग्रजीत, अक्षर इतकं बारीक की काकांनी चष्मा काढून कागद डोळ्याजवळ नेला. त्यांच्याकडे ५०० युनिट आहेत, सरासरी ३५० रुपयांनी घेतलेले, म्हणजे पावणेदोन लाख. तिमाहीचं डिस्ट्रिब्युशन युनिटमागे साडेपाच रुपये, एकूण २,७५०, पण बँकेत जमा झाले २,७२०. काका ३० रुपयांसाठी आले नव्हते. त्यांनी त्या कागदावरच्या तीन ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे नक्की काय आलंय? भाडं आलंय, व्याज आलंय, का शेअरचा डिव्हिडंड? मुलगा म्हणतो भाडं. बँकेतला म्हणतो व्याज."

त्या तीन ओळी अशा होत्या. व्याज ३०० रुपये, त्यावर १० टक्के म्हणजे ३० रुपये टीडीएस कापलेला. लाभांश १,४५० रुपये. आणि तिसरी ओळ, कर्जाची परतफेड, १,००० रुपये. या तिसऱ्या ओळीनं मला गेली चार-पाच वर्षं छळलंय, कारण ती कुणालाच कळत नाही, शिकलेल्यांनाही नाही. काकांनी आदल्या वर्षी घरीच रिटर्न भरलं होतं आणि आलेली सगळी रक्कम व्याज म्हणून दाखवून टाकली होती, म्हणजे ज्यावर त्या वर्षी कर लागतच नव्हता त्यावरही भरला. दुसऱ्या एका क्लायंटनं बरोबर उलटं केलं, युनिट विकले आणि नफा काढताना मूळ खरेदी किंमतच धरली, मधे आलेली परतफेड वजाच केली नाही. दोघंही सरळ माणसं, एकानं जास्त भरला एकानं कमी दाखवला, आणि दोघांनाही आपण चुकलो हे माहीतच नव्हतं.

आता तिसरी ओळ म्हणजे काय ते मी माझ्या टेबलावर जसं समजावते तसंच इथे लिहिते, म्हणजे तुम्हाला कळेल की हे चार वाक्यांत सांगता येतं. रीटमधली इमारत बहुतेक वेळा रीटच्या खाली असलेल्या एका कंपनीच्या नावावर असते. त्या कंपनीला रीटनं कर्ज दिलेलं असतं. भाडेकरूंचं भाडं आलं की ती कंपनी त्यातून रीटला व्याज देते, कर्जाचं थोडं मुद्दल फेडते, आणि लाभांश देते, आणि हे सगळं रीट पुढे आपल्याकडे पाठवतं, ज्या रूपात आलं त्याच रूपात. म्हणजे नोटा भाड्याच्याच, पण कायद्याच्या वहीत त्यातला एक भाग तुमच्या मुदलाचा परतावा म्हणून लिहिला जातो. २०२३ च्या बजेटपर्यंत या भागावर कुणाच्याच हातात कर लागत नव्हता. आता नियम असा की जेवढी परतफेड आली तेवढी तुमची खरेदी किंमत कमी धरायची, आणि युनिट पहिल्यांदा ज्या भावाला इश्यू झालं त्यापेक्षा एकूण परतफेड जास्त झाली की वरचा भाग सरळ उत्पन्नात. त्यात आधीच्या मालकाला मिळालेलीही मोजायची! आता सांगा, नाशिकरोडला राहणाऱ्या माणसानं बाजारातून घेतलेल्या युनिटच्या आधीच्या मालकाला किती मिळालं ते कुठून आणायचं?

काका म्हणत होते मला सव्वासहा टक्के सुटतायत. हिशोब चूक नाही, वर्षाचे ११ हजार येतात पावणेदोन लाखांवर. पण त्यातले ४ हजार परतफेडीच्या ओळीतले. ते बाजूला काढले तर ४ टक्के. मी असं अजिबात म्हणत नाही की रीटनं फसवलं, पैसे खरे आहेत, कागदावर सगळं छापलेलं आहे, नियमाप्रमाणे आहे. पण काका त्याची तुलना बँकेच्या एफडीशी करत होते, जिथे व्याजही मिळतं आणि शेवटी मुद्दल पूर्ण परत येतं, आणि इथे युनिट विकताना काय भाव मिळेल ते त्या दिवशीचा बाजार ठरवणार. २०२३ मध्ये ब्रुकफिल्डच्या रीटचा भाव २७५ च्या इश्यू किमतीच्याही खाली होता. हे त्यांना माहीत असतं तर कदाचित त्यांनी तरीही घेतले असते, कमी घेतले असते, मला माहीत नाही, पण माहीत असायला हवं होतं.

मला हे इतकं का लागतं ते सांगते.

माझे वडील ओझरला एचएएलमधून २०१० मध्ये रिटायर झाले. २०११ मध्ये त्यांनी शहरातल्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये पहिल्या मजल्यावर गाळा घेतला, १८ लाखांना. सेलेबल २१० फूट सांगितला होता, कार्पेट मोजला तर ११८. तीन वर्षं ९ टक्के खात्रीचं भाडं, गाळा रिकामा असला तरी, असं बिल्डरनं लिहून दिलं होतं, आणि दिलं पण, दर महिन्याला १३,५०० रुपये, एकही महिना चुकला नाही. बाबांची एक हिरवी डायरी होती, त्यात ते दर महिन्याच्या पानावर लिहायचे, "गाळा १३,५००", दूध, पेपर, गॅस आणि गाळा. घरात सगळे म्हणायचे बघा काय शहाणपणानं पैसे लावले. दसऱ्याला आई जाऊन शटरला झेंडूचं तोरण बांधून यायची, आत काहीच नव्हतं तरी.

तीन वर्षं संपली आणि भाडं थांबलं. भाडेकरू कधी आलाच नव्हता, पूर्ण मजल्यावर दोन दुकानं चालू होती, सरकता जिना बंद पडला तो पडलाच. मग २०१५ मध्ये सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेजारच्या गाळ्याचे मालक भेटले, तोच मजला, तेवढंच क्षेत्रफळ, त्याच महिन्यातलं बुकिंग. त्यांनी खात्रीच्या भाड्याची स्कीम घेतली नव्हती. त्यांना गाळा १३ लाखांना पडला होता.

मी घरी आले आणि बाबांच्या समोर बसून हिशोब केला. आम्ही ५ लाख जास्त दिले होते आणि तीन वर्षांत आम्हाला मिळाले ४ लाख ८६ हजार. बिल्डरनं आमचेच पैसे आम्हाला महिन्या-महिन्यानं परत दिले होते, भाडं म्हणून. आणि ती तीन वर्षं मी, हो मीच, ते भाडं म्हणून बाबांच्या रिटर्नमध्ये दाखवत होते आणि स्वतःच्याच मुदलावर त्यांना टॅक्स भरायला लावत होते. बाबा काही बोलले नाहीत. डायरी मात्र लिहीत राहिले, "गाळा ०", पुढच्या महिन्यात परत "गाळा ०", असे अकरा महिने, मग ती ओळच बंद झाली. बाबा आता नाहीत. गाळा आहे, मेंटेनन्स आणि घरपट्टी मी भरते, गिऱ्हाईक येतं ते ५ लाखांच्या वर बोलत नाही.

त्या दिवसापासून मी कुणाच्याही हातात "भाडं आलं" म्हणून काही दिसलं की पहिला प्रश्न विचारते, यात भाडं किती आणि तुमचंच परत आलेलं किती. रीट आणि तो गाळा यांना मी एका तागडीत घालत नाहीये, आणि कृपा करून तसं वाचू नका. उलट माझं मत असं आहे की पाच-दहा लाख रुपये ज्याला व्यापारी जागेत घालायचेच आहेत त्याच्यासाठी रीट हे मॉलमधल्या गाळ्यापेक्षा कितीतरी बरं, आणि हे मी अनुभवानं सांगते. गाळ्याला एक भाडेकरू, तो गेला की शून्य. रीटला किमान ८० टक्के पैसा पूर्ण झालेल्या, भाडं देणाऱ्या इमारतींत ठेवावा लागतो, वाटण्यासारख्या रोकडीतली ९० टक्के वाटावीच लागते आणि निदान सहा महिन्यांतून एकदा, कर्ज मालमत्तेच्या ४९ टक्क्यांच्या वर नेता येत नाही आणि २५ च्या वर जायचं तर रेटिंग आणि युनिटधारकांची मंजुरी लागते. वर्षातून एकदा स्वतंत्र व्हॅल्युअर प्रत्येक इमारतीची किंमत काढतो. बाबांच्या गाळ्याची किंमत काय आहे हे कळायला आम्हाला विकायला निघावं लागलं! हे सगळे नियम तुमचे आहेत, सेबीचे, २०१४ चे आणि नंतर सुधारलेले, आणि त्याबद्दल मनापासून आभार, असं बाबांच्या वेळी कुणी आमच्या पुढ्यात ठेवलं असतं तर.

मी स्वतः २०२१ पासून थोडे थोडे युनिट घेते, हे आधीच सांगून ठेवते. २०२१ च का, तर त्याच वर्षी तुम्ही बाजारात अगदी एक युनिटही घेता येईल असं केलंत. त्याआधी काय होतं ते आठवा. २०१४ चे नियम आले तेव्हा इश्यूत अर्ज करायचा तर किमान २ लाख लागत होते. २०१९ मध्ये ते ५० हजारांवर आलं, त्याच वर्षी १ एप्रिलला एम्बसीचं देशातलं पहिलं रीट लिस्ट झालं, इश्यू किंमत ३०० रुपये. मग २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफिल्ड, दोन्ही २७५ ला. आणि २०२१ मध्ये तुम्ही अर्जाची रक्कम १०-१५ हजारांवर आणली आणि बाजारात एक युनिट घ्यायची सोय केली. पुढे २०२३ मध्ये नेक्सस आलं, मॉलवालं, १०० रुपयांना, २०२५ च्या ऑगस्टमध्ये नॉलेज रिअल्टी ट्रस्ट, तेही १०० ला. ३०० रुपये, १०० रुपये, एक युनिट, म्हणजे तुम्हीच ठरवलंत की हे आता मोठ्या फंडांपुरतं ठेवायचं नाही, साध्या माणसापर्यंत न्यायचं. चांगलं ठरवलंत. मग त्या माणसाच्या हातात येणारा कागद अजून २ लाखवाल्या काळातलाच का आहे? दार बारीक माणसासाठी उघडलंत, पाटी मात्र त्याला वाचता येत नाही अशा भाषेत ठेवलीत.

आणि ही माणसं खरंच येतायत. या पाचही रीटमध्ये नाशिकची एक इमारत नाही, आहे ते बंगळुरूचं मान्यता टेक पार्क, हैदराबादचं माधापूर, ऐरोली, हिंजवडी, नोएडा, गुरुग्राम. तरी आमच्या एका क्लायंटनं मला काय सांगितलं, त्यांची मुलगी ऐरोलीला ज्या कॅम्पसमध्ये कामाला जाते त्याच कॅम्पसच्या रीटचे युनिट त्यांनी घेतलेत. "पोरगी तिथे बसते, तिची कंपनी भाडं भरते, त्यातलं चिमूटभर मला येतं," हे सांगताना त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो बघायला तुम्ही हवे होतात. मुंबई-पुण्याला गेलेल्या आपल्या पोरांच्या ऑफिसात आपलाही एक दगड आहे असं त्यांना वाटतं. अशा माणसाला त्या चिमटीत काय काय आहे ते नीट सांगा एवढंच मागणं आहे.

इथे शेअर आणि युनिट याबद्दलही बोलायला हवं कारण गोंधळाचं अर्धं मूळ तिथे आहे. लोक माझ्याकडे येऊन म्हणतात "ताई मी पण प्रॉपर्टीचे शेअर घेतलेत", आणि उघडून बघावं तर कुणाकडे रीटचे युनिट, कुणाकडे डीएलएफ, कुणाकडे फिनिक्स मिल्स. तिन्हींत जमीन-इमारत आहे, पण पैसा वेगळ्या वाटेनं येतो. फिनिक्स मिल्स ही लोअर परळची जुनी कापड गिरणी, आज तिचे मॉल आहेत, पुण्यात विमाननगरला, वाकडला, आपण नाशिकचे लोक सुट्टीत तिथे जातो. ती कंपनी आहे, तिला ९० टक्के वाटायचं बंधन नाही, भाड्यातला बहुतेक पैसा ती पुढचा मॉल बांधायला ठेवते आणि शेअरवाल्याला मिळतं ते भाव वाढला तर. डीएलएफ तर घरंही बांधून विकते, ऑफिसचं भाडंही आहे, पण भाव चालतो तो जास्त करून विक्री आणि कर्जाच्या बातमीवर. तिचा आयपीओ २००७ मध्ये ५२५ रुपयांना आला, जानेवारी २००८ मध्ये भाव १,२०० च्या पुढे गेला, आणि मग असा कोसळला की ५२५ च्या वर परत टिकायला २०२३ साल उजाडलं. पंधरा वर्षं! रिटायर झालेल्या माणसाकडे पंधरा वर्षं थांबायला असतातच असं नाही. शेअर वाईट असं मी म्हणत नाही, तरुण माणसानं समजून घेतला तर घ्यावा. पण ज्याला दर तीन महिन्यांनी हातात काही हवंय त्यानं बिल्डरचा शेअर घेऊन भाड्याची वाट बघत बसू नये आणि ज्याला वाढ हवीय त्यानं रीटकडून १० पट व्हायची अपेक्षा धरू नये, हा फरक त्याला कुणी सांगतच नाही, डीमॅटच्या अ‍ॅपवर तिन्ही एकाच रांगेत दिसतात.

मागणं एकच आहे पण नीट लिहिते.

प्रत्येक डिस्ट्रिब्युशनबरोबर एक पानाचा कागद, युनिटधारकानं केवायसीत निवडलेल्या भाषेत, मोठ्या अक्षरात. पहिल्याच ओळीत, म्हणजे कंपनीचा लोगो आणि अध्यक्षांचा संदेश यांच्याही आधी: या वेळी तुम्हाला इतके आले, त्यातला इतका भाग व्याज, इतका लाभांश, आणि इतका भाग परतफेड म्हणजे तुमच्या खरेदी किमतीतून वजा होणारा. लाभांशावर या वेळी कर आहे का नाही ते पण तिथेच, कारण तो कधी करमुक्त असतो कधी नाही, खालच्या कंपनीनं कमी दराचा टॅक्स निवडलाय का त्यावर ते असतं आणि हे घरबसल्या कुणाला कळणं शक्य नाही. मग दुसरी ओळ, युनिट इश्यू झालं त्या भावापैकी आजपर्यंत एकूण किती परतफेड झाली आणि किती शिल्लक. ही आकडेवारी रीटकडे असतेच, पहिल्या दिवसापासूनची. आणि तिसरी ओळ, तुम्ही घेतल्यापासून तुम्हाला स्वतःला किती परतफेड आली. यासाठी सीडीएसएल आणि एनएसडीएल, म्हणजे डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्था, यांची मदत लागेल, मान्य आहे, पण त्यांचं एकत्रित स्टेटमेंट लोकांना येतंच, म्युच्युअल फंड आणि शेअर एका ठिकाणी दाखवणारं, त्यातच रीटच्या खाली ही एक ओळ वाढवा. वर्षाच्या शेवटी रीटकडून त्या वर्षाच्या उत्पन्नाचा फॉर्म येतो हे मला माहीत आहे. तो माझ्यासारखीच्या कामाचा आहे, काकांच्या नाही, आणि तो त्या एका वर्षापुरता बोलतो, युनिट घेतल्यापासूनचं काही सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल खर्च. मोठी रीट २०२५ अखेर होती पाच, पुढे सहा-सात होतील, वर्षातून चार वेळा वाटप, म्हणजे एका भाषेत वर्षाला वीस-पंचवीस कागद. एकेका रीटकडे हजारो कोटींच्या इमारती आहेत हो. भाषेची सवय नाही असंही म्हणता येणार नाही, मुंबईतल्या कंपनीचा पब्लिक इश्यू आला की मराठी पेपरात जाहिरात द्यावीच लागते, लिस्टेड कंपन्यांचे तिमाही निकाल आपण मराठी पेपरात वर्षानुवर्षं बघतोय, २०२४ मध्ये तर इश्यूच्या माहितीचे व्हिडिओ इंग्रजी आणि हिंदीत करायला तुम्हीच सांगितलंत. म्हणजे पैसे घेताना आमची भाषा आठवते. पैसे देतानाही आठवावी.

छोट्या रीटसाठी तर हे आजच हवं. २०२४ च्या मार्चमध्ये तुम्ही एसएम, म्हणजे छोट्या-मध्यम, रीटचे नियम आणलेत, ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तेची, आणि कमीत कमी गुंतवणूक १० लाख ठेवलीत. तुमच्या मनात असेल की १० लाखवाला जाणकार असतो. नाशिकमध्ये १० लाख म्हणजे अनेकांची सगळी ग्रॅच्युइटी असते, नाहीतर सिन्नरकडच्या जमिनीच्या मोबदल्यातला भावाचा वाटा. आणि तिथे बहुतेक वेळा एकच इमारत, मोजके भाडेकरू. त्यांच्या कागदावर वरच्या तीन ओळींबरोबर हेही मोठ्या अक्षरात पाहिजे की सगळ्यात मोठा भाडेकरू एकूण भाड्यातलं किती देतो आणि त्याचा करार कधी संपतो.

अजून एक गोष्ट जी तुम्हाला मुंबईत बसून दिसत नसेल. गेल्या वर्षभरात माझ्याकडे दोन जण असे आले ज्यांना गाळे विकणाऱ्या एजंटनं सांगितलं, "हे रीटसारखंच आहे, फक्त तुमच्या नावावर खरेदीखत होतं, म्हणजे अजून सेफ." महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा, नंबर ब्रोशरवर होता, तो प्रकल्पाचा होता, भाड्याच्या हमीशी त्याचा काही संबंध नाही हे त्यांना कोण सांगणार. एकाला मी थांबवू शकले, बाबांच्या गाळ्याचा पूर्ण हिशोब त्याच्यापुढे मांडला. दुसरा बुकिंग करूनच आला होता. खरा कागद कसा असतो हे लोकांनी आपल्या भाषेत एकदा बघितलेलं असेल तर असल्या एजंटला ते विचारतील ना, की बाबा रे यात भाडं किती आणि माझंच किती ते लिहून दे. आज त्यांच्याकडे विचारायला शब्दच नाहीत. रीटचं नाव असं वापरलं जातंय, यात रीटचंही नुकसान आहे, हे संचालक मंडळींनी लक्षात घ्यावं.

तोपर्यंत मी काय करते ते सांगते. ज्या कुणाचा रीटचा कागद टेबलावर येतो त्याच्यावर मी निळ्या पेननं वरच्या कोऱ्या जागेत मराठीत लिहून देते. काकांच्या कागदावर लिहिलं होतं, "आलेले २,७५०. यातले १,००० परतफेड, तुमची किंमत युनिटमागे २ रुपयांनी कमी झाली, आता ३४८ धरा. हा कागद विकेपर्यंत फेकू नका." काकांनी ते दोनदा वाचलं, मग विचारलं, "मग आधीचे कागद?" आधीचे सात कागद होते, मुलाच्या ईमेलमध्ये. दुसऱ्या दिवशी सगळे प्रिंट काढून घेऊन आले, आम्ही एकेक करत बसलो, पाऊण तास गेला, आणि खरी किंमत ३३४ रुपये ८० पैसे निघाली. त्यांनी तो आकडा स्वतःच्या डायरीत लिहून घेतला.

हा पाऊण तास माझ्याकडे जुलैमध्ये प्रत्येकासाठी नसतो. तुमच्या कॉम्प्युटरला त्याला सेकंदही लागणार नाही.

त्या एका पानाचा मराठी नमुना मी तयार केला आहे, तीन ओळींचा, आकड्यांच्या जागा मोकळ्या ठेवून. आमच्या ऑफिसातल्या सात-आठ क्लायंटना वाचायला दिला, जे अडलं ते बदललं, "परतफेड" शब्द सगळ्यांना कळला, "भांडवल परतावा" कुणाला कळला नाही, म्हणून परतफेडच ठेवलाय. आपल्यापैकी कुणीही मागितला तर त्याच दिवशी पाठवते, नाव-श्रेय काही नको. पुढच्या तिमाहीचं वाटप जाहीर व्हायच्या आत निदान एका रीटनं तो वापरून बघावा, ही विनंती.

आपली,
कॉलेज रोड, नाशिकहून एक युनिटधारक